बैठक बदलावी, छंद सोडू नये

नोकरी संपते, मुले आपापल्या संसाराला लागतात आणि वर्षानुवर्षे ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवलेल्या पुस्तकांना अखेर वेळ मिळतो. चित्रपटांचेही तसेच. पूर्वी एखादा जुना चित्रपट पुन्हा पाहायचा तर तो दूरदर्शनवर लागण्याची वाट पाहावी लागे. आता मराठी-हिंदीसह जगभरातले कितीतरी चित्रपट घरच्या पडद्यावर हवे तेव्हा लावता येतात. पण हा निवांतपणा ज्या वयात लाभतो, त्याच वयात गुडघे, कंबर, मान आणि अंगठ्याचा सांधा तक्रार करू लागतात. प्रकरण रंगात आले असताना मान आखडते, चित्रपट संपल्यावर सोफ्यावरून उठताना गुडघा साथ देत नाही, जाडजूड कादंबरी हातात धरली की थोड्याच वेळात अंगठा ठणकू लागतो. मग दोन परस्परविरोधी सल्ले कानावर येतात. एक म्हणतो, वय झाले, आता सांध्यांना आराम द्या, बसून वाचा, टीव्ही पाहा. दुसरा म्हणतो, बसणे हेच दुखण्याचे मूळ आहे, पुस्तक मिटा आणि चालायला लागा. पहिला सल्ला पाळणाऱ्याचे सांधे आखडतात. दुसरा पाळणाऱ्याचे मन कोमेजते. या पुस्तिकेची भूमिका या दोन्हींहून निराळी आहे. सांध्यांना त्रास होतो तो तासन्‌तास न हलता, चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या कोनात बसल्याने. त्याचा दोष पुस्तकाला किंवा चित्रपटाला देण्याचे कारण नाही. छंद तसाच ठेवून बैठक बदलता येते, आणि ती नीट बदलली तर हा छंद सांध्यांच्या निगेला मदतच करतो. हे विधान पुराव्यानिशी मांडणे आणि त्यावर येणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम आहे.

हे दुखणे किती जणांचे आणि कोणते, ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला सांध्यांची झीज म्हणतो तो विकार होता. त्यांत सर्वाधिक संख्या गुडघ्याच्या रुग्णांची, सुमारे ३६ कोटी ५० लाख. एकूण रुग्णांपैकी ७३ टक्के ५५ वर्षांपुढचे आणि ६० टक्के स्त्रिया. मात्र सांधेदुखी म्हटली की ती झिजेचीच, असे गृहीत धरता येत नाही. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते, आणि सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. झिजेच्या दुखण्यात तो सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. गाउटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात आणि बहुधा पायाचा अंगठा एकाएकी लाल होऊन भयंकर दुखतो. सांधा अचानक सुजला, गरम झाला, सोबत ताप आला, पडल्यानंतर पायावर भार घेता येईना किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर खुर्ची आणि उशा बदलत बसू नये. थेट डॉक्टर गाठावा. पुढची चर्चा वयोमानानुसार येणाऱ्या झिजेची आणि ताठरपणाची आहे, निदान झालेल्या आणि स्थिर असलेल्या दुखण्याची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसते बसून राहिल्याने सांधा आखडतो तो का? डॉक्टर रुग्णाला समजावताना जिला ‘गुडघ्यातली गादी’ म्हणतात, त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून, म्हणजे ज्याला आपण वंगण म्हणतो त्यातून. सांध्यावर भार पडला की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातला द्रव बाहेर पडतो. भार हटला की ताजा द्रव आत शिरतो. ही ये-जा हालचालीने चालते, आणि हालचाल थांबली की मंदावते. दुसरा भाग स्नायूंचा. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याला आधार देतो. तो वापरला नाही तर अशक्त होतो, आणि मग प्रत्येक पावलाचा धक्का अधिक प्रमाणात थेट सांध्यावर येतो. त्यामुळे ‘झिजलेला सांधा वापरला की आणखी झिजेल’ ही समजूत, यंत्राच्या बाबतीत कितीही खरी असली, तरी जिवंत सांध्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी दिलेल्या मार्गदर्शनात योग्य व्यायाम हा उपचाराचा गाभा मानला आहे, आणि सुरुवातीला व्यायामाने थोडे दुखले तरी नियमितपणाने पुढे फायदा होतो, हे रुग्णाला समजावून सांगावे असेही म्हटले आहे. पूर्ण विश्रांतीचा पहिला सल्ला इथेच बाद होतो. पण त्यावरून दुसरा सल्ला आपोआप बरोबर ठरत नाही. दिवसाच्या सोळा जागत्या तासांत कोणीही सतत चालू शकत नाही, बसावे लागणारच. प्रश्न उरतो तो कसे बसावे आणि किती वेळाने उठावे एवढाच.

बसण्याचा विचार खुर्चीपासून सुरू होतो. मराठी मध्यमवर्गीय घरात वाचनाची जागा म्हटली की कापडी आरामखुर्ची आठवते. अलीकडे तिची जागा खोल आणि मऊ सोफ्याने घेतली. टेकून बसायला दोन्ही सुखाची, पण दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला दोन्ही अडचणीची. त्यांत नितंब गुडघ्यांच्या खाली जातात, पाठीची कमान सपाट होते, आणि उठताना सारे शरीर खड्ड्यातून वर खेचावे लागते. बसलेल्या स्थितीतून उभे राहण्याच्या क्रियेवर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. खुर्चीची बैठक उंच केली तर उठताना गुडघ्यावर येणारा ताण ६० टक्क्यांपर्यंत आणि खुब्यावरचा ५० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, आणि खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तर खुब्यावरचा ताण जवळजवळ निम्मा होतो, असे त्यात दाखवले आहे. औषधाची एकही गोळी न घेता मिळणारा हा लाभ आहे. म्हणून वाचण्यासाठी आणि पाहण्यासाठी खुर्ची निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. बैठकीची उंची अशी असावी की पावले जमिनीवर पूर्ण टेकतील आणि नितंब गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर राहतील. खुर्चीला दोन्ही बाजूंना भक्कम हात असावेत. आणि बैठकीची खोली इतकीच असावी की पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा उरेल. जुनीच खुर्ची वापरायची असेल तर बैठकीवर घट्ट गादी किंवा घडी घातलेली जाड सतरंजी ठेवून ती उंच करता येते. कमरेमागे लहान उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल पुरतो. झोपाळ्यावर वाचणाऱ्याला पाय हलते राहण्याचा फायदा मिळतो खरा, पण उठताना झोपाळा सरकतो. म्हणून कडीला घट्ट धरून, तो स्थिर झाल्यावरच उठावे.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून असतो. आपल्या आजी-आजोबांनी आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून पोथ्या वाचल्या, पंगतीला बसले. त्यांना कुठे लागल्या खुर्च्या? मांडी घालून बसण्याने खुबे आणि घोटे लवचीक राहतात, जमिनीवरून उठण्याची ताकद टिकते, हे खरेच आहे. ज्यांना अजून विनासायास खाली बसता-उठता येते त्यांनी ते सोडू नये. पण ज्याच्या गुडघ्यात झीज झाली आहे, त्याला ती सवय जशीच्या तशी चालत नाही. गुडघा पूर्ण दुमडला की वाटीमागचा दाब वाढतो, आणि त्या स्थितीत तासभर राहून उठताना तो सर्वाधिक असतो. चीनमधील बीजिंग येथील वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे परंपरेने चालत आलेली प्रत्येक बैठक सांध्यांना निरुपद्रवी असते असे नाही. शिवाय मागच्या पिढीतली माणसे जमिनीवर बसत, पण तासन्‌तास एका जागी क्वचितच. विहीर, शेत, जाते आणि चूल त्यांना दिवसभर हलते ठेवत. आपण त्यांची बैठक उचलली आणि हालचाल मागे ठेवली. पारायण करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय सप्ताहात वाचायचे असतील, तर खुर्चीवर बसून, ग्रंथ टेबलावर ठेवून वाचल्याने श्रद्धेत काही उणे पडत नाही.

गुडघ्यांइतकीच काळजी मान आणि हात यांची घ्यावी लागते, आणि इथे पुस्तकाचे वजन व त्याची जागा हे दोन मुद्दे येतात. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे. अमेरिकेतले शल्यचिकित्सक केनेथ हन्सराज यांनी २०१४ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार, मान १५ अंश झुकली की कण्यावरचा भार सुमारे १२ किलो होतो, आणि ६० अंश झुकली की २७ किलो. हे प्रयोगशाळेत मोजलेले नसून काढलेले आकडे आहेत, पण मांडीवर पुस्तक ठेवून खाली मान घालून वाचणाऱ्याची मान संध्याकाळी का धरते, हे समजायला ते पुरेसे आहेत. अंगठ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ साली दाखवले की चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट दाब येतो. ‘मृत्युंजय’ किंवा ‘पानिपत’सारखी भरघोस कादंबरी एका हातात, अंगठा मधल्या शिवणीत दाबून धरणाऱ्या वाचकाचा अंगठा त्यामुळेच ठणकतो. उपाय साधा आहे: पुस्तक हाताने धरायचेच नाही. टेबलावर पुस्तकाचा तिरपा स्टँड, पारायणाला ग्रंथ ठेवतात ते घडीचे लाकडी व्यासपीठ, किंवा मांडीवर दोन उशा आणि त्यांवर पाट, यांपैकी काहीही चालेल. पान छातीच्या उंचीला यावे आणि नजर किंचितच खाली जावी. ई-रीडरचे वजन साधारणपणे पाव किलोच्या आत असते, आणि त्यावर अक्षर मोठे करता येत असल्याने पुढे वाकावे लागत नाही. चित्रपटासाठी पडदा समोर आणि डोळ्यांच्या पातळीत हवा. बिछान्यावर कुशीवर पडून फोनवर सिनेमा पाहणे ही मानेला आणि खांद्याला सर्वांत महाग पडणारी सवय आहे.

ज्यांना हेही जमत नाही, त्यांच्यासाठी ऐकण्याची वाट आहे. ‘ऐकणे म्हणजे काही वाचणे नव्हे’ असे म्हणणारे चोखंदळ वाचक भेटतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य इतकेच, की ऐकताना मागे जाऊन एखाद्या वाक्यापाशी रेंगाळणे कठीण होते. अर्थग्रहणाच्या बाबतीत मात्र हा भेद फार मोठा दिसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१९ साली त्याच कथा वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा अर्थाचे आकलन करणारे नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे आढळले. सहभागी व्यक्ती अवघ्या नऊ होत्या, म्हणून निष्कर्ष जपून घ्यावा. पण कीर्तन, प्रवचन आणि पोथीश्रवणावर वाढलेल्या समाजाला ऐकण्याची प्रतिष्ठा वेगळी पटवून द्यावी लागू नये. २०१७पासून स्टोरीटेलसारख्या सेवेवर मराठी पुस्तके आवाजात उपलब्ध झाली आहेत. ऐकण्याचा सांध्यांच्या दृष्टीने मोठा गुण हा की ते चालताना, खिडकीशी उभे राहून, भाजी निवडताना करता येते. जो वाचक दिवसाचे एक प्रकरण वाचतो आणि एक फेरी मारताना ऐकतो, त्याने छंद आणि चालणे यांतले भांडणच मिटवलेले असते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. सांधे आखडू नयेत म्हणून बसल्यावर दर अर्ध्या तासाने उठावे, हा सल्ला रसिकाला जाचक वाटतो. कथेत बुडालेल्या माणसाला घड्याळ लावून बाहेर काढणे म्हणजे रसभंग, असे तो म्हणतो, आणि ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एकाग्रता हाच वाचनाचा आनंद असेल तर ती मोडणारा उपाय कोण पाळेल? पण कलेचा इतिहास पाहिला तर एका बैठकीत, न थांबता आस्वाद घेण्याची कल्पना पुष्कळ नवी आहे असे दिसते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. वाचक आठवडाभर थांबत, चर्चा करत, पुन्हा वाचत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला कथा, कविता, लेख असा तुकड्यातुकड्यांनी, कित्येक दिवस पुरणारा मजकूर एकत्र मिळू लागला. किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ पाच अंकांचे. अंकांमधले विसावे रचनेतच होते. सिनेमाचे तर मध्यंतर आपल्याकडे इतके रुजले की पटकथा त्याला धरूनच लिहिली जाते. सुमारे सव्वातीन तासांचा ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) असो की जवळजवळ तीन तासांचा ‘सैराट’ (२०१६), प्रेक्षक मध्ये उठला आणि पुन्हा येऊन बसला. रस आटला नाही. जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी १९५४ साली २०७ मिनिटांचा ‘सेवन समुराई’ केला, तोही मध्यंतरासह. विसाव्याच्या जागा लेखक-दिग्दर्शकांनी आखून दिलेल्या असतात. वाचकाने घड्याळापेक्षा त्या ओळखायला शिकावे. प्रकरणाचा शेवट, दृश्य बदलण्याचा क्षण, गाणे संपणे, कथासंग्रहातली एक कथा पुरी होणे, अशा जागी उठले तर रसभंग होत नाही. उलट नुकतेच वाचलेले मनात घोळवायला दोन मिनिटे मिळतात. अर्धा तास हा काटेकोर नियम नाही. पाऊण तास झाला तरी चालेल, तीन तास मात्र नाही.

उठल्यावर काय करायचे, याचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे. इथे तत्त्व तेवढे सांगतो. पाण्याचा पेला मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवावा, म्हणजे तेवढ्यासाठी तरी पाय हलतील. खुर्चीला धरून पाच-सात वेळा सावकाश उठ-बस केली तर मांडीचा स्नायू कामाला लागतो. चित्रपट सुरू असताना बसल्या जागीही गुडघा सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरणे, घोटे वरखाली करणे, खांदे मागे फिरवणे हे करता येते आणि त्यासाठी पडद्यावरून नजर हलवावी लागत नाही. मालिका पाहताना पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. कारण थांबण्याची नैसर्गिक जागा तीच असते आणि ती सोय नेमकी तीच काढून घेते. बशीभर फरसाण घेऊन पाहण्याची सवयही आवरावी. जास्त वजनाच्या, गुडघे झिजलेल्या वृद्धांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, वजन एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे आढळले आहे. मात्र या छोट्या हालचालींना व्यायामाची जागा देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. ज्यांना इतके झेपत नाही त्यांनी झेपेल तेवढे करावे, असेही तिचे सांगणे आहे. वाचनाची बैठक त्या वेळेनंतर येते, तिच्याऐवजी नाही.

आतापर्यंत छंद सांध्यांना अपाय करत नाही एवढेच सिद्ध झाले. तो उपकारक आहे, या दाव्याचा आधार अजून द्यायचा आहे. वेदना ही केवळ सांध्यात घडत नाही. मेंदू तिच्याकडे किती लक्ष देतो यावर तिची तीव्रता अवलंबून असते. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी २०१२ साली असे दाखवले की मन स्मरणशक्तीच्या कठीण कामात गुंतलेले असताना उष्णतेच्या वेदनेला मज्जारज्जूतून मिळणारा प्रतिसादच कमी होतो, आणि त्यात शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्ये भाग घेतात. म्हणजे मन रमले की दुखणे विसरते, हा नुसता भास नाही. संदेश मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच मंद होतो. ही प्रयोगशाळेतली अल्पकाळची वेदना होती, वर्षानुवर्षांची सांधेदुखी नव्हे, हे नमूद केले पाहिजे. पण इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी समूहवाचनाचा प्रयोग झाला. कथा-कविता मोठ्याने वाचायच्या, मध्ये थांबून बोलायचे, अशा सत्रांनंतर मनःस्थिती आणि वेदनेची जाणीव यांत काही काळ सुधारणा दिसली. गट लहान होता, तरी दिशा स्पष्ट आहे. आपल्याकडे अभिवाचनाची परंपरा जिवंत आहे. सोसायटीतल्या चार-पाच ज्येष्ठांनी आठवड्यातून एकदा एकत्र येऊन एक कथा वाचली, तर जिना उतरणे, चालत जाणे, बोलणे आणि ऐकणे सारे एकाच वेळी साधते. एकटेपणा दुखणे वाढवतो. सोबत ते सुसह्य करते.

यावर अभ्यासू वाचक विचारील, की पुस्तक आणि पडदा यांना एकाच मापाने कसे मोजता? प्रश्न योग्य आहे आणि उत्तर असे, की मोजू नये. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ३,६३५ व्यक्तींचा पाठपुरावा करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात, पुस्तके वाचणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बारा वर्षांत न वाचणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २० टक्के कमी आढळला; वय, शिक्षण, संपत्ती आणि आरोग्य यांचा फरक हिशेबात घेऊनही. उलट, इंग्लंडमधील ३,६६२ व्यक्तींवरच्या २०१९च्या अभ्यासात रोज साडेतीन तासांहून अधिक टीव्ही पाहणाऱ्यांची शब्दस्मृती सहा वर्षांत अधिक घटलेली दिसली. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत; त्यांतून कारण आणि परिणाम यांचे नाते पक्के ठरत नाही. जो निरोगी आहे तोच अधिक वाचत असेल, ही शक्यता उरतेच. तरीही शहाणपणाचा बोध घेता येतो. पाहायचे ते निवडून पाहावे, संख्येपेक्षा दर्जाला महत्त्व द्यावे, आणि संपूर्ण संध्याकाळ पडद्याला देऊ नये. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘श्यामची आई’ (१९५३), ‘उंबरठा’ (१९८२) किंवा ‘कोर्ट’ (२०१४) पाहून त्यावर घरच्यांशी अर्धा तास बोलणारा प्रेक्षक, आणि रिमोट हातात धरून रात्रीपर्यंत वाहिन्या बदलणारा माणूस, हे दोघे सारखेच बसलेले दिसले तरी सारखे नसतात. पहिल्याचे मन जागे असते, आणि त्याला उठायला कारणही असते.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. ही सारी सुखवस्तू घरांची चैन, असे वाटणे साहजिक आहे. बाजारात मिळणाऱ्या यांत्रिक आरामखुर्च्यांच्या किमती पाहिल्या तर वाटेलच. पण वर सांगितलेल्या उपायांत हातांची साधी खुर्ची, दोन उशा, एक पाट, चांगला दिवा आणि थंडीत गुडघ्यावर घ्यायला ऊबदार पांघरूण यापलीकडे काही लागत नाही. अडचण पैशांपेक्षा घरातल्या वाटपाची आहे. घरातली चांगली खुर्ची बहुधा घरातल्या पुरुषाची असते, आणि रिमोटही. सांध्यांच्या झिजेच्या रुग्णांत ६० टक्के स्त्रिया आहेत. आणि आपल्याकडे साठीतली बाईसुद्धा स्वयंपाक, नातवंडे आणि पाहुणे उरकून, दिवसभर उभी राहून दुखऱ्या पायांनी, रात्री उरलेल्या कोपऱ्यात पलंगाच्या कडेवर बसून चार पाने वाचते. तिला उंच बैठकीची खुर्ची, वाचनाचा ठरलेला वेळ आणि त्या वेळेत कोणी हाक न मारण्याचे आश्वासन मिळणे, हा घरातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ उपचार आहे. या पुस्तिकेचे एक प्रकरण म्हणूनच वाचकांच्या मुला-सुनांसाठी लिहिले आहे.

ग्रंथालयांनाही यात मोठे काम आहे. १९६७च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदानाची चौकट मिळाली, आणि गावोगावच्या ग्रंथालयांचे निष्ठावान सभासद आज वृद्ध होत आहेत. जिना चढता येत नाही म्हणून वाचन सुटलेला सभासद ग्रंथालयाने गमावू नये. ठळक अक्षरांतली पुस्तके, जाड कादंबऱ्यांच्या दोन-तीन भागांत बांधलेल्या प्रती, तळमजल्यावर हातांच्या चार खुर्च्या आणि आठवड्यातून एकदा घरपोच पुस्तके, यांतले जे जमेल ते आजपासून सुरू करता येईल. प्रकाशकांनी वजनाने हलका कागद आणि सपाट उघडणारी बांधणी यांचा विचार केला, तर त्यांचा सर्वांत निष्ठावान वाचक त्यांच्यापाशी टिकेल.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. ही पुस्तिका सलग वाचून संपवू नका; एकेक प्रकरण वाचा, उठा, त्यातली एक गोष्ट करून पाहा आणि मग पुढे जा. जे करताना दुखणे वाढते आणि दुसऱ्या दिवशीही उतरत नाही ते कमी करा, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पण वय झाले, गुडघे दुखतात, म्हणून पुस्तके माळ्यावर टाकण्याचा आणि आवडीचे चित्रपट सोडून देण्याचा निर्णय कृपा करून घेऊ नका. सांधे जपायचे ते आवडीचे जगणे चालू राहावे म्हणून. आणि ते दोन्ही एकाच घरात, एकाच खुर्चीत, एकाच दिवशी शक्य आहे. आजच आपल्या खुर्चीची उंची तपासा.